इंग्रजी नामापुढची जागा : निर्धारकांच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

इंग्रजी नामाच्या आधी येणारे ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’, ‘दिस’, ‘दॅट’, ‘माय’, ‘सम’, ‘एनी’, ‘एव्हरी’, ‘नो’ यांसारखे लहान शब्द आजच्या व्याकरणात ‘डिटर्मिनर’ या एका नावाखाली एकत्र येतात. मराठीत त्यांना ‘निर्धारक’ म्हणणे सोयीचे आहे, कारण नामाने दर्शविलेली वस्तू कोणती, किती किंवा कोणाची, याचे निर्धारण हे शब्द करतात. आकाराने क्षुल्लक वाटणाऱ्या या शब्दांचा भाषेतील वावर मात्र मोठा आहे. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात १९६४ साली तयार झालेल्या, दहा लाखांहून किंचित अधिक शब्दांच्या संग्रहात एकटा ‘द’ हा शब्द सुमारे ७० हजार वेळा आढळतो. याचा अर्थ छापील इंग्रजीतील दर शंभर शब्दांपैकी जवळजवळ सात शब्द ‘द’ हेच असतात.

एवढ्या वारंवार येणाऱ्या शब्दांच्या वर्गाला स्वतंत्र नाव मिळण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. हे शब्द हजार वर्षे भाषेत होते. व्याकरणकार त्यांना कधी सर्वनाम, कधी विशेषण, तर कधी उपपद म्हणत राहिले. प्रस्तुत लेखात या विलंबाचा इतिहास पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी दोन इतिहास शेजारी ठेवणे आवश्यक आहे. एक भाषेचा, आणि दुसरा त्या भाषेकडे पाहणाऱ्यांचा. हे दोन्ही इतिहास एकाच गतीने चाललेले नाहीत. आपल्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या काही ठरावीक चुकांचे मूळ याच तफावतीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दर्शक सर्वनामाची झीज

अँग्लो-सॅक्सन काळातील, म्हणजे साधारणतः इ.स. ११०० पूर्वीच्या इंग्रजीत आजच्या अर्थाने ‘द’ नव्हता. होते ते एक दर्शक सर्वनाम. पुल्लिंगी ‘से’, स्त्रीलिंगी ‘सेओ’, नपुंसकलिंगी ‘थॅट’ अशी त्याची मूळ रूपे होती. लिंग, वचन आणि विभक्ती यांनुसार ते चालविले जाई, आणि सारी रूपे मोजली तर दहा-अकरा भरत. संस्कृतातील ‘तद्’ सर्वनामाचे ‘सः, सा, तत्’ हे चालणे ज्यांच्या कानात आहे, त्यांना येथे ओळखीचे काही जाणवेल. ही जाणीव खोटी नाही. दोन्ही भाषांतील हे सर्वनाम एकाच इंडो-युरोपीय मुळापासून आलेले आहे. कर्त्याच्या दोन रूपांत ‘स’ आणि इतरत्र ‘त’, ही संस्कृतातील विसंगती जुन्या इंग्रजीतही तशीच टिकली होती. फक्त ‘त’च्या जागी ‘थ’ होता.

त्या काळी नामाआधी हे सर्वनाम लावलेच पाहिजे, असे बंधन नव्हते. ‘बेओवुल्फ’ या दीर्घ काव्यात तर ते आजच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी येते. नाम परिचित आहे की अपरिचित, हे सांगण्याची जबाबदारी अंशतः विशेषणाच्या प्रत्ययावर होती. एकच विशेषण निश्चित नामाबरोबर एका प्रकारे चाले आणि अनिश्चित नामाबरोबर दुसऱ्या प्रकारे.

बाराव्या शतकात ही व्यवस्था मोडकळीस आलेली दिसते. पीटरबरो येथील मठात लिहिल्या गेलेल्या बखरीत या बदलाचा उत्तम पुरावा मिळतो. १११६ च्या आगीत मठाची हानी झाल्यानंतर ११२१ च्या सुमारास या बखरीची नवी प्रत तयार करण्यात आली, आणि पुढे ११५४ पर्यंतच्या नोंदी तीत होत गेल्या. जुन्या बखरींवरून उतरविलेल्या भागात सर्वनामाची रूपे बऱ्याच अंशी जुन्या वळणाची आहेत. अखेरच्या नोंदींत मात्र लिंग-विभक्तीचा विचार न करता सर्वत्र ‘थे’ हे एकच रूप येऊ लागते. शेवटच्या नोंदी लिहिणारा लेखक जुन्या ग्रंथाचे अनुकरण सोडून आपल्या कानावर पडणारी भाषा लिहीत होता, असा याचा अर्थ होतो.

याची कारणे अनेक सांगितली जातात. शब्दांच्या शेवटचे आघातहीन स्वर पुसट झाले होते. इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागांत स्कँडिनेव्हियन वसाहतींमुळे दोन जवळच्या भाषा एकमेकींत मिसळत होत्या. शब्द समान, प्रत्यय वेगळे, अशा स्थितीत प्रत्ययच आधी गळतात. १०६६ नंतर दरबार आणि न्यायदान यांची भाषा फ्रेंच झाल्याने इंग्रजीच्या लिखित प्रमाणरूपाला कोणी वाली उरला नाही. विशेषणाचे प्रत्यय गेले, लिंग गेले, आणि निश्चितता दाखविण्याचे काम ‘द’ या एकट्या झिजलेल्या शब्दावर येऊन पडले. तो ऐच्छिक होता. आता आवश्यक ठरला. झिजलेल्या रूपांपैकी नपुंसकलिंगी ‘थॅट’ वेगळा निघून ‘दॅट’ हे स्वतंत्र दर्शक बनले. करण विभक्तीचे ‘थ्यू’ हे रूपही पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. ‘द मोअर, द बेटर’ यांसारख्या रचनेत दोनदा येणारा ‘द’ हा उपपद नसून त्या जुन्या तृतीयेचा अवशेष आहे. त्याच्यापुढे नाम का नाही, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारल्यास उत्तर हेच आहे.

‘अ’ची कथा अधिक सरळ आहे. ‘आन’ म्हणजे ‘एक’. आघातयुक्त स्थानी तो ‘वन’ झाला. आघातहीन स्थानी ‘अ‍ॅन’, आणि व्यंजनापूर्वी अंत्य ‘न्’ गळून ‘अ’. हीच गळती ‘माईन’ आणि ‘माय’, ‘नन’ आणि ‘नो’ या जोड्यांतही झाली. स्वरापूर्वी ‘अ’चा ‘अ‍ॅन’ होतो, असे शालेय पुस्तके सांगतात. ऐतिहासिक दृष्ट्या घडले आहे ते उलट. मूळ रूप ‘अ‍ॅन’ हेच होय.

या ‘न्’च्या ये-जा करण्यामुळे शब्दांच्या सीमा कोठे आहेत याविषयी बोलणाऱ्यांचाच गोंधळ उडाला. प्रयोगशाळेत आपण घालतो तो ‘एप्रन’ मुळात ‘नॅप्रन’ होता. ‘नॅपकिन’ हा त्याचा जवळचा नातेवाईक. ‘अ नॅप्रन’ हे ‘अ‍ॅन एप्रन’ असे ऐकले गेले आणि ‘न्’ निर्धारकाकडे गेला. क्रिकेटच्या मैदानावरील ‘अंपायर’ही फ्रेंचमधून ‘न’ घेऊनच आला होता. ‘ज्याच्या जोडीचा दुसरा नाही तो’, म्हणजे दोन पक्षांबाहेरचा तिसरा, असा त्याचा मूळ अर्थ. उलट दिशेने ‘निकनेम’ या शब्दाला निर्धारकाचा ‘न्’ चिकटला. मूळ शब्द ‘एकनेम’, म्हणजे जादाचे नाव. येथील ‘एक’चा आपल्या ‘एक’शी संबंध नाही. ‘ऑरेंज’ हे उदाहरण पुष्कळदा याच यादीत घातले जाते, पण ते काटेकोर नाही. संस्कृत ‘नारङ्ग’, फारसी ‘नारंग’ आणि अरबी रूपांतून युरोपात गेलेल्या या शब्दाचा ‘न’ इंग्रजीत येण्यापूर्वीच, रोमान्स भाषांच्या उपपदाने गिळला होता. मराठीतील ‘नारिंग’ने तो सांभाळला आहे.

इतर निर्धारकांचे मूळ संमिश्र आहे. ‘सम’, ‘एनी’, ‘ईच’ हे जुने देशी शब्द. ‘एव्हरी’ हा ‘एव्हर’ आणि ‘ईच’ यांचा सांधा. ‘सेम’ हा स्कँडिनेव्हियन, तर ‘सेव्हरल’ फ्रेंच. ‘इट्स’ सर्वांत धाकटा. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो, आणि १६११ च्या राजमान्य बायबल-भाषांतराच्या मूळ आवृत्तीत तो नाही.

जागेची मक्तेदारी

शब्दांच्या व्युत्पत्तीपेक्षा महत्त्वाचा, आणि तुलनेने कमी चर्चिला गेलेला बदल वेगळा आहे. तो शब्दांचा नसून जागेचा आहे.

जुन्या इंग्रजीत दर्शक आणि स्वामित्वदर्शक शब्द एकाच नामाआधी एकत्र येऊ शकत. ‘हा माझा मुलगा’, ‘तो माझा मित्र’ अशी मराठीसारखी रचना त्या भाषेला परकी नव्हती. ‘दिस माय’ अशी जोडणी तर सतराव्या शतकापर्यंतच्या लेखनात आढळते. पुढे ती मागे पडली. आज ‘दिस माय हँड’ असे कोणी लिहिल्यास ते एकतर जुनाट किंवा प्रार्थनेतील भाषेसारखे वाटते. त्याऐवजी ‘दिस हँड ऑफ माईन’ अशी वळणाची रचना करावी लागते. ही रचना मध्ययुगाच्या उत्तरार्धात रुळली. नामापुढे निर्धारकाची जागा एकच उरली. ‘द’, ‘अ’, ‘दिस’, ‘माय’, ‘एव्हरी’, ‘नो’ हे सारे त्या एका जागेचे उमेदवार झाले, आणि एक बसला की बाकीच्यांना बाहेर राहावे लागू लागले. जुनी षष्ठी विभक्तीही याच जागेवर येऊन बसली. ‘जॉन्स बुक’ म्हटल्यावर त्या पुस्तकासाठी वेगळा ‘द’ लावता येत नाही, याचे कारण ‘जॉन्स’नेच ती जागा भरली आहे.

याच काळात दुसरे बंधन आले. मोजता येणाऱ्या वस्तूचे एकवचनी नाम असेल, तर ही जागा रिकामी ठेवता येणार नाही. ‘बुक’ हा शब्द कोशात एकटा उभा राहू शकतो. वाक्यात सहसा नाही. म्हणजे जागा एकच, आणि ती भरणे सक्तीचे. या दोन अटी एकत्र आल्या, तेव्हा इंग्रजीत निर्धारक नावाचा वर्ग खऱ्या अर्थाने अस्तित्वात आला, असे म्हणता येईल.

सक्ती येण्यापूर्वीच्या काळाचे काही अवशेष मात्र आजही दिसतात. ‘अ‍ॅट होम’, ‘इन बेड’, ‘टू स्कूल’, ‘बाय हँड’, ‘हँड इन हँड’, ‘डे बाय डे’ या प्रयोगांत नाम उघडे आहे. पाठ्यपुस्तके त्यांना अपवाद म्हणतात आणि ‘इमारतीचा मूळ हेतू अभिप्रेत असल्यास’ असा एक नियम शोधून काढतात. आजारी माणूस ब्रिटिश इंग्रजीत ‘इन हॉस्पिटल’ असतो आणि अमेरिकन इंग्रजीत ‘इन द हॉस्पिटल’. रुग्णालयाचा हेतू अटलांटिक ओलांडल्यावर बदलत नाही, एवढे लक्षात घेतले तरी त्या नियमाची मर्यादा कळते.

ग्रीक सांधा आणि रोमन अडचण

आता दुसऱ्या इतिहासाकडे वळू. युरोपीय व्याकरणपरंपरेत उपपदाला पहिले नाव ग्रीकांनी दिले. डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील मानल्या गेलेल्या व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आहेत आणि त्यांत ‘आर्थ्रॉन’ ही एक आहे. ‘आर्थ्रॉन’ म्हणजे सांधा. ‘आर्थ्रायटिस’ हे सांधेदुखीचे नाव याच शब्दावरून आले आहे, हे कळल्यावर अनेक अध्यापकांना ते सार्थ वाटावे.

रोमन व्याकरणकारांनी ग्रीक चौकट उचलली, पण लॅटिनमध्ये उपपदच नव्हते. आपल्या भाषेला त्याची गरज भासत नाही, असे क्विंटिलियनने पहिल्या शतकात नोंदविले आहे. तरीही आठ ही संख्या जणू पवित्र असल्याने ती सोडवेना. उपपद वगळले गेले आणि रिकाम्या जागी केवलप्रयोगी अव्यय हा नवा वर्ग आला. पुढे दीड हजार वर्षे युरोपातील मुलांनी याच आठ जाती घोकल्या.

इंग्रजीचे इंग्रजीत छापलेले पहिले व्याकरण विल्यम बुलोकर यांनी १५८६ साली प्रसिद्ध केले. त्याचा साचा लॅटिन व्याकरणाचाच होता. नाटककार बेन जॉन्सन यांचे इंग्रजी व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. त्यात लॅटिनच्या आठ जाती घेऊन उपपद ही नववी जात जोडलेली आहे. योगायोगाने त्याच वर्षी गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे पोर्तुगीज भाषेतील व्याकरण छापले गेले. तेही लेखकाच्या निधनानंतर. एका इंग्रजाने आपल्या भाषेला लॅटिनच्या चौकटीत कसे बसवावे याचा प्रयत्न केला, आणि दुसऱ्या इंग्रजाने आपल्या किनाऱ्यावरील भाषेला. दोन्ही ग्रंथ एकाच वर्षीचे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी नोंदली जात नाही.

या परंपरेतील खरा वेगळा माणूस जॉन वॉलिस. ते मूलतः गणिती; अनंताचे आडव्या आठसारखे चिन्ह १६५५ साली रूढ करणारे ते हेच. १६५३ साली त्यांनी इंग्रजीचे व्याकरण लॅटिन भाषेत, म्हणजे परदेशी वाचकांसाठी लिहिले. ‘अ’ हे ‘एक’चे आणि ‘द’ हे ‘दॅट’चे सौम्य रूप असून दोन्ही विशेषणेच होत, असे त्यांनी मांडले. स्वामित्वदर्शक षष्ठीलाही त्यांनी विभक्ती न मानता एक प्रकारचे विशेषण मानले. वर्गाचे नाव चुकले असेल, परंतु ‘अ’, ‘द’, ‘माय’ आणि ‘जॉन्स’ एकाच पंक्तीला बसतात, हे त्यांना इतरांपेक्षा जवळजवळ तीनशे वर्षे आधी दिसले होते.

वॉलिसचा हा मार्ग अठराव्या शतकाने पुढे नेला नाही. रॉबर्ट लाऊथ यांनी १७६२ साली आणि लिंडले मरे यांनी १७९५ साली जे नऊ शब्दप्रकार मांडले, त्यांत उपपद पहिल्या क्रमांकावर आहे. ‘माय’ आणि ‘दिस’ मात्र सर्वनामांत किंवा विशेषणांत विखुरले गेले. मरे यांच्या पुस्तकाच्या अगणित आवृत्त्या निघाल्या आणि इंग्रजी जेथे जेथे गेली तेथे हा साचा गेला.

मराठीचे आठ आणि इंग्रजीचे नऊ

येथे मराठीचा संबंध येतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर रूढ होत गेलेल्या शालेय मराठी व्याकरणात नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी अशा आठ जाती मानल्या जातात. मरे यांच्या नऊ प्रकारांतून उपपद वजा केले, तर उरतात ते नेमके हेच आठ. रोमनांनी ग्रीक यादीचे जे केले, ते मराठीने इंग्रजी यादीचे केले, असे म्हणण्यास हरकत नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने या साऱ्या व्यवस्थेची कसून तपासणी केली, तरी शाळेत टिकली ती आठांचीच यादी.

इंग्रजी शिकविताना मात्र ‘आर्टिकल’ला मराठी नाव देणे भाग होते. त्यासाठी ‘उपपद’ हा शब्द रूढ झाला. मूळ संस्कृत व्याकरणात त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायात धातूला प्रत्यय लागताना त्याच्या शेजारी असणाऱ्या पदाला ही संज्ञा आहे. ‘कुंभकार’ शब्दातील ‘कुंभ’ हे उपपद. मराठीतील उपपद तत्पुरुष समास आपण याच अर्थाने शिकवितो. एकाच विद्यार्थ्याने मराठीच्या तासाला उपपद म्हणजे ‘ग्रंथकार’मधील ‘ग्रंथ’ आणि इंग्रजीच्या तासाला उपपद म्हणजे ‘द’ असे शिकावे, ही स्थिती अद्याप कायम आहे. गंमत अशी की ‘शेजारचे पद’ हा शब्दार्थ इंग्रजी निर्धारकाला ‘सांधा’पेक्षा अधिक लागू पडतो.

भारतातील इंग्रजी शिक्षणाला पुढे वळण दिले ते नेसफील्ड, आणि रेन व मार्टिन यांच्या पुस्तकांनी. नेसफील्ड यांनी उत्तर भारताच्या शिक्षणखात्यात काम केले होते, पी. सी. रेन यांनी मुंबई इलाख्याच्या. रेन हे ‘बो जेस्ट’ या १९२४ च्या लोकप्रिय कादंबरीचे लेखकही होत. या पुस्तकांत उपपदांना विशेषणांत ढकलून शब्दप्रकारांची संख्या पुन्हा आठवर आणण्यात आली. ‘माय’, ‘युअर’, ‘हिज’ ही स्वामित्वदर्शक विशेषणे ठरली.

वर्गीकरणातील हा निर्णय निरुपद्रवी वाटतो. वर्गात तो तसा नाही. ‘माझा एक मित्र’ याचे इंग्रजी करताना आपला विद्यार्थी ‘माय वन फ्रेंड’ असे लिहितो. आपण लाल रेघ मारतो. वस्तुतः विद्यार्थी पुस्तकाला प्रामाणिक राहिलेला असतो. ‘माय’ विशेषण आहे, ‘वन’ही विशेषण आहे, आणि विशेषणे एकापुढे एक रचता येतात, हे त्याला आपणच शिकविलेले असते, मराठीतही तसेच आहे. ‘माय’ने जागा अडविली असल्याने अनिश्चित अर्थाला ‘अ फ्रेंड ऑफ माईन’ असे मागच्या दाराने आत यावे लागते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. विशेषणाच्या कल्पनेतून ते सांगताही येत नाही.

नाव मिळते

हॅरल्ड पामर यांनी १९२४ साली बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीचे व्याकरण लिहिले, तेव्हा ते टोकियोत राहून जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी शिक्षणाचे काम करीत होते. त्यांनी या शब्दांच्या गटासाठी ‘डिटर्मिनेटिव्ह’ ही संज्ञा वापरली. जपानीत उपपद नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९३३ साली लिओनार्ड ब्लूमफील्ड यांच्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात ‘डिटर्मिनर’ हे नाव आले. ब्लूमफील्ड यांचा पाणिनीचा अभ्यास सखोल होता, आणि अष्टाध्यायीविषयी त्यांनी काढलेले गौरवोद्गार प्रसिद्ध आहेत. अर्थावर विसंबण्यापेक्षा कोणता शब्द कोणत्या स्थानी येतो आणि तेथे कोणता येऊ शकत नाही, यावरून वर्ग ठरवावा, ही त्यांची पद्धत होती. विशेषणांचे त्यांनी गुणवर्णनात्मक आणि मर्यादादर्शक असे दोन भाग केले आणि दुसऱ्याचे पुन्हा निर्धारक व संख्यादर्शक असे. काही एकवचनी नामे निर्धारकावाचून येतच नाहीत, हे स्थानाचे बंधनच त्यांनी वर्गाची कसोटी म्हणून वापरले. आपल्याकडील गुणविशेषण, संख्याविशेषण आणि सार्वनामिक विशेषण ही विभागणी याला बाह्यतः समांतर आहे. मात्र आपल्या सार्वनामिक विशेषणांत सक्तीही नाही आणि मक्तेदारीही नाही. ‘माझे ते पुस्तक’ मराठीत सुखेनैव नांदते.

सी. सी. फ्राइज यांनी १९५२ साली सुमारे पन्नास तासांच्या ध्वनिमुद्रित दूरध्वनी-संभाषणांवरून वाक्यरचनेचे पुस्तक सिद्ध केले. त्यांनी जुनी नावे टाकून शब्दांना अंक आणि अक्षरे दिली. त्यांतील पहिला, म्हणजे ‘ए’ हा गट निर्धारकांचा आहे. फ्राइज हेही मिशिगन येथे परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणाऱ्या संस्थेचे प्रमुख होते. उपपदांवर १९३९ साली स्वतंत्र ग्रंथ लिहून ‘परिचितपणा’ ही कल्पना पुढे आणणारे पॉल क्रिस्टोफरसन डॅनिश होते. वॉलिसपासूनची ही मालिका पाहिली की असे दिसते, की निर्धारकांचे कार्य प्रथम लक्षात आले ते परभाषकांसाठी लिहिणाऱ्यांच्या किंवा स्वतः परभाषक असणाऱ्यांच्या. ज्याला ‘द’ कधी शिकावा लागला नाही, त्याला त्यात समजून घेण्यासारखे काही आहे असे सहसा वाटत नाही.

त्यानंतरचा इतिहास आपल्या अभ्यासक्रमांतून परिचित आहे. क्वर्क, ग्रीनबाम, लीच आणि स्वार्टविक यांनी १९७२ आणि १९८५ च्या बृहद्व्याकरणांतून पूर्व, मध्य आणि उत्तर निर्धारक अशी मांडणी रूढ केली. ‘ऑल दीज थ्री बुक्स’मधील पहिले तीन शब्द अनुक्रमे या तीन प्रकारांचे, मक्तेदारी आहे ती मधल्या जागेत. १९८७ साली स्टीव्हन अ‍ॅबनी यांनी आपल्या प्रबंधात नामपदबंधाचा प्रमुख घटक नाम नसून निर्धारकच आहे असा पक्ष मांडला. २००२ साली हडलस्टन आणि पुलम यांनी शब्दाचा वर्ग आणि त्याचे कार्य यांना वेगळी नावे दिली.

मराठीची रीत

उपपद नसणाऱ्या भाषेला निश्चितता दाखविता येत नाही, असा समज मात्र चुकीचा आहे. ‘त्या मुलगा शोधताहेत’ आणि ‘त्या मुलाला शोधताहेत’ या वाक्यांतील भेद कोणत्याही मराठी घरात स्पष्ट आहे. पहिल्या वाक्यात लग्नाची बोलणी आहेत, दुसऱ्यात हरवलेले मूल. हा भेद ‘ला’ या प्रत्ययाने केला. ‘अंगणात गाय आली’ आणि ‘गाय अंगणात आली’ यांत तो शब्दक्रमाने झाला. ‘एक राजा होता’ यातील ‘एक’ मोजण्यासाठी नाही. जुन्या इंग्रजीतील ‘आन’ ज्या वाटेने गेला, त्या वाटेवर तो काही पावले चालला आहे. वर्गात नियमांची यादी देण्याआधी ही वाक्ये फळ्यावर लिहिली, तर ‘द’ने काय साधते हे विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेतून उमगते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

एका शब्दाचे राजकारण

या जागेचा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांपुरता नाही. जून १९६७ च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२ नोव्हेंबर १९६७ रोजी ठराव क्रमांक २४२ संमत केला. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घेण्याविषयीच्या कलमात इंग्रजी मसुद्यात ‘टेरिटरीज’पूर्वी ‘द’ नाही. फ्रेंच पाठात त्या जागी निश्चित उपपद सामावलेले रूप आहे. सर्व प्रदेश की काही प्रदेश, हा वाद तेव्हापासून चालू आहे, आणि दोन्ही पक्षांनी एका न लिहिलेल्या शब्दाचा आधार घेतला आहे. युक्रेन १९९१ साली स्वतंत्र झाल्यावर त्याच्या इंग्रजी नावाआधीचा ‘द’ गेला, कारण तो ‘द’ देशाचा नव्हे, तर एखाद्या मुलखाचा वाटत असे. इंग्रजी अमदानीतील अधिकारी ‘द पंजाब’, ‘द डेक्कन’, ‘द कोकण’ असेच लिहीत. पंजाबाने तो टाकला. दख्खनच्या नावाआधी तो अद्याप आढळतो. १८८१ साली पुण्यात सुरू झालेल्या दोन पत्रांपैकी ‘केसरी’ला काही लागले नाही, इंग्रजी पत्राचे नाव मात्र ‘द मराठा’ असे झाले.

गेल्या शतकातील, विशेषतः अमेरिकन, लेखी इंग्रजीत ‘द’चे प्रमाण घटत असल्याचे शब्दसंग्रहांच्या तुलनेतून दिसून आले आहे. ‘ऑफ’ने जोडलेल्या लांब रचनांऐवजी षष्ठीची रूपे आणि नामाला नाम जोडण्याची पद्धत वाढली, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. याचे एक उदाहरण आपल्या गुणपत्रिकांवरच आहे. ‘युनिव्हर्सिटी ऑफ पुणे’ या नावाआधी वाक्यात ‘द’ लावावा लागे. २०१४ साली विद्यापीठाचे नाव ‘सावित्रीबाई फुले पुणे युनिव्हर्सिटी’ असे झाले. त्यापुढे तो लागत नाही.